पोथीतला निळा: लाजवर्द की नीळ? (जाणकारांनी मदत करा)

कृष्णाकाठ | शनि, रात्री १०:१२

आमच्या काकांकडे वाईला एक हस्तलिखित पोथी आहे, रामकथेची. सुटी पानं, दोन फळ्यांच्या मध्ये लाल फडक्यात बांधलेली. एकूण १४२ पानं, त्यातल्या ११ पानांवर चित्रं. रोजच्या वाचनातली होती, त्यामुळे तेलाचे डाग, हळदकुंकू, बोटांचे ठसे, सगळा संसार आहे तिच्यावर. घरातली समजूत अशी की ही नाना फडणवीसांच्या काळची. शेवटच्या पानावर ‘शके १७’ एवढंच वाचता येतं. पुढचे दोन आकडे एका पिवळ्या डागावर लिहिले होते, ते झडलेत.

मागच्या महिन्यात जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ येऊन गेले. रामाच्या अंगावरून बोट फिरवत (काकांनी डोळे वटारले) म्हणाले, हा निळा लाजवर्दाचा, म्हणजे निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानातून यायचा. आणि एक आकडा सांगितला. काका विकणार नाहीत, पण तेव्हापासून घरात त्या निळ्याला फारच भाव आलाय.

प्रश्न असा: चित्राचा कणही न खरवडता रंग ओळखता येतो का? काकांची अट एकच, पोथी उंबरा ओलांडणार नाही.

बंडोपंत | शनि, रात्री १०:३०

फोटो टाका. फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय आमटी.

खवचट खारीक | शनि, रात्री १०:४१

त्या गृहस्थांनी नुसत्या बोटाने ओळखला की. यंत्र कशाला हवं?

चिमूटभर गेरू | रवि, सकाळी ७:५५

माझं पोट याच धंद्यावर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

खरवडल्याशिवाय ओळखता येतो, पण एका यंत्राने नाही. लोकांना वाटतं पिस्तुलासारखं यंत्र रोखलं की पडद्यावर ‘लाजवर्द’ अशी अक्षरं उमटतात. तसं काही होत नाही.

ते पिस्तूल म्हणजे एक्सआरएफ. ते क्ष-किरण सोडतं, आणि समोरचं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत पाठवतं. वर्गातली हजेरीच समजा. पारा? हजर. शिसं? हजर. तांबं? हजर. लाल रंगात पारा मिळाला तर हिंगूळ, शिसं मिळालं तर शेंदूर, नुसतं लोखंड मिळालं तर गेरू, इतपत अंदाज बांधता येतो. पण कोण कोणाच्या शेजारी बसलंय हे हजेरीवरून कळत नाही, आणि मागच्या बाकावरची हलकी पोरं ओच देत नाहीत. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन दिसतच नाहीत. सोडियम, ॲल्युमिनियमचा आवाज यंत्रापर्यंत येता येता हवेतच विरतो. आता गंमत बघा. लाजवर्द बनलाय सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक आणि ऑक्सिजनचा. नीळ तर झाडाची, सेंद्रिय. म्हणजे तुमच्या प्रश्नातले दोन्ही संशयित हजेरीला गैरहजर. फक्त ‘तांबं नाही, कोबाल्ट नाही’ एवढं कळेल. तेही कमी नाही म्हणा, तांब्याचे आणि कोबाल्टचे निळे त्याने बाद होतात.

निळ्यासाठी खरं कामाचं यंत्र वेगळंच आहे आणि दिसायला अगदी गरीब: एक हॅलोजनचा दिवा, एक काचतंतू आणि वर्णपटमापक. कागदापासून काही मिलिमीटरवर धरायचं, प्रकाश पाडायचा, कुठल्या तरंगलांबीचा किती परत येतो ते बघायचं. लाजवर्द ६०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश गिळतो. नीळ गिळते ६६० च्या आसपास, आणि ७०० ओलांडलं की एकदम आरशासारखी उजळते. आलेखात दोघी बहिणी वाटतच नाहीत.

तिसरं रामन. त्याबद्दल मास्तर लिहितीलच, त्यांना राहवणार नाही.

संध्या र. | रवि, सकाळी ९:२०

भाबडा प्रश्न. नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्यांना घालतात तीच ना? ती तर किराणा दुकानात मिळते, तिला शोधायला काचतंतू?

चिमूटभर गेरू | रवि, सकाळी ९:४४

@संध्या, प्रश्न भाबडा नाही, मराठीनेच घातलेला घोळ आहे. चित्रातली जुनी नीळ म्हणजे नीळीच्या झाडाच्या पाल्यापासून काढलेला रंग. कपड्यांची नीळ, ती निळी पूड, म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरीन; रसायनाने लाजवर्दाची सख्खी बहीण. फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात ती कारखान्यात बनवायची कृती सापडली आणि जो रंग सोन्याच्या भावाने जायचा तो धोब्याच्या बादलीत आला. म्हणजे ६०० ला खड्डा दिसला तरी ‘अफगाणिस्तान’ म्हणून उडी मारायची नाही. बदख्शानच्या खाणीतला की धोब्याकडचा, हे पुढे पाहावंच लागतं. दगडातल्या लाजवर्दासोबत कॅल्साइट, डायॉप्साइड, सोनेरी माक्षिक अशी पाहुणे मंडळी येतात. कारखान्यातला एकटाच येतो.

सराफकट्टा | रवि, दुपारी १२:०५

आमच्या दुकानातलं कॅरटमीटर हेच की. अंगठी ठेवली, झाकण लावलं, मिनिटाभरात सोनं किती, तांबं किती, चांदी किती. पोथी घेऊन या, चहा पण पाजतो.

चिमूटभर गेरू | रवि, दुपारी १२:३१

तत्त्व तेच, शेठ. पण तुमचं यंत्र धातूंसाठी शिकवलेलं असतं. समोर कागद आला तरी ते सगळ्याची बेरीज शंभर टक्के करून दाखवणार. हिंगुळाला ‘९२ टक्के पारा’ म्हणेल आणि गंधक, कागद, डिंक सगळं गिळून टाकेल. आम्ही टक्के बघतच नाही, आलेखातले नुसते शेंडे बघतो. शिवाय पोथीचं पान तुमच्या डबीत मावायला दुमडावं लागेल, आणि मग काका आपल्या दोघांना दुमडतील.

भौतिकमास्तर | रवि, दुपारी ४:१८

राहवलं नाही, बरोबर आहे. रामन परिणाम २८ फेब्रुवारी १९२८ चा, कोलकात्याचा. आपला विज्ञान दिन त्यावरूनच. पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला की विखुरलेल्या प्रकाशात अगदी थोडा, कोटीत एखाद-दुसरा कण म्हणा, किंचित वेगळ्या रंगाचा होऊन येतो. तो फरक रेणूंच्या कंपनावर ठरतो, म्हणून प्रत्येक संयुगाची सही वेगळी. हिंगुळाची मोठी रेघ २५३ ला (हे आकडे नॅनोमीटर नव्हेत, रंग किती सरकला त्याचे), अल्ट्रामरीनची ५४८ ला, प्रशियन निळ्याची २१५० च्या आसपास, जिथे दुसरा कुठला रंग सहसा फिरकतच नाही. गेरूबुवांच्या भाषेत सांगायचं तर हजेरीपटावर नाव आहे की नाही हे एक्सआरएफ सांगतं, आवाजावरून पोरगं कोण ते रामन सांगतं. सुरुवातीला रामन यांनी सूर्यप्रकाशच वापरला होता. आज लेझर लागतो, आणि तो हातात मावतो.

डेन हागकर | रवि, रात्री ८:५०

अवांतर: मी राहतो त्या गावातल्या माउरित्सहाउस संग्रहालयात २०१८ मध्ये डच चित्रकार फेर्मेरच्या ‘मोत्याच्या डूलवाली मुलगी’ या चित्राची अशीच तपासणी झाली. काचेच्या खोलीत, प्रेक्षकांदेखत, दोन आठवडे. डोक्याच्या फडक्यात अस्सल लाजवर्द निघाला, तोही हात राखून न वापरलेला. आज काळी दिसणारी मागची बाजू म्हणजे मुळात हिरवा पडदा. त्यात नीळ आणि एक वनस्पतीचा पिवळा मिसळला होता. एकाच चित्रात दोन्ही निळे, आणि फेर्मेरला कुठला कुठे लावायचा हे पक्कं ठाऊक होतं.

बंडोपंत | रवि, रात्री ९:१५

अजिंठ्याचा निळा मग कुठला?

चिमूटभर गेरू | रवि, रात्री ९:३३

लाजवर्दच. पाचव्या शतकातल्या, वाकाटकांच्या वेळच्या लेण्यांत. बाकी रंग घरचे: गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, आणि हिरवी माती, जी आपल्याच काळ्या कातळाच्या पोकळ्यांत मिळते. तिथे यंत्रांना खरी डोकेदुखी वेगळीच. १९२० च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन कारागिरांनी चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं, त्याआधीही रोगणं लागली होती. ती पिवळी पडली. आता रंगाचा वर्णपट घ्यायला जावं तर आधी रोगणाचा येतो. लेणं काही प्रयोगशाळेत नेता येत नाही, म्हणून ही हातातली यंत्रं.

@कृष्णाकाठ, व्यनि केलाय. काकांना विचारा, आम्ही दोघं येतो. पोथी उंबऱ्याच्या आत, आम्हीही उंबऱ्याच्या आत.

कृष्णाकाठ | तीन आठवड्यांनी, सोम, सकाळी ११:०२

काल झालं! गेरू येऊन गेले. काकांनी आधी विचारलं, “यंत्र पोथीला शिवणार का?” ते म्हणाले, “एक मिलिमीटर लांब राहणार.” मग काकांनी स्वतः मिलिमीटर म्हणजे किती ते पट्टीवर बघितलं. क्ष-किरण चालू असताना सगळ्यांना ओटीवर बसवलं होतं (ते यंत्र एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, नियमांत येतं म्हणे), तर काकू म्हणाल्या, ग्रहण असल्यासारखं वाटतंय.

बाकी गेरूंनीच लिहा. तुमची फजितीही लिहा.

चिमूटभर गेरू | सोम, रात्री १०:४०

फजितीपासूनच सुरू करतो.

पहिले पाऊण-एक तास मी एक्सआरएफ मारत होतो आणि जिथे मारावं तिथे पारा. लाल शेल्यात पारा, ठीक. सीतेच्या चेहऱ्यात पारा, बरं, गालाला हिंगूळ लावला असेल. झाडात पारा. आकाशात पारा. कोऱ्या समासात पारा! मला वाटलं यंत्र बिघडलं. बरोबरची मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, पान उचला.” मी पान पोथीच्या गठ्ठ्यावरच ठेवलं होतं. हाताने बनवलेला कागद पातळ, क्ष-किरण आरपार, आणि खालच्या आठ-दहा पानांवरची हिंगुळाने लिहिलेली लाल अक्षरं सगळी हजेरी लावत होती. पंधरा वर्षं हे काम करतोय, आणि पानाखाली जाड ॲक्रिलिकची पाटी सरकवायची हे विसरलो. पहिली तीस मोजमापं केराच्या टोपलीत. पान पाठपोट लिहिलेलं असेल तर मागच्या बाजूला काय आहे तेही आधी पाहून ठेवायचं, हे नवख्यांनी माझ्या पैशाने शिकून घ्या.

आता निळा. तांबं नाही, कोबाल्ट नाही, लोखंड कागदात आहे तेवढंच. काचतंतू लावला, पांढऱ्या चकतीवर शून्य साधलं, रामाच्या दंडावर धरलं. ६६० ला खड्डा, ७०० नंतर भिंतीसारखी चढण. चार पानांवर, सहा ठिकाणी तेच. नीळ. झाडाची. रामाचा निळा अफगाणिस्तानातून नाही, इथल्याच मातीतून आलाय. काका दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, “राम आपलाच आहे, रंगही आपलाच.” विषय संपला.

लाल: हिंगूळ. रामननेही दुजोरा दिला, २५३ ला काठीसारखी रेघ. हातातल्या यंत्राला २०० च्या खालचं दिसत नाही, त्यामुळे ती रेघ अगदी दाराशी उभी राहिल्यासारखी दिसते. नारिंगी: शेंदूर, कडेने काळा पडलेला. त्याच्यावर लेझरची ताकद अगदी तळाला ठेवली. जोर लावला तर शेंदूर तिथल्या तिथे काळवंडतो आणि ‘न खरवडता’ या शब्दाला काही अर्थ राहत नाही. बाकी रामनने बराच छळ केला. तेलाच्या डागांमुळे मागचं चमकणं इतकं वाढायचं की रेघा त्यात बुडून जायच्या. देवघरात काळं फडकं डोक्यावरून घेऊन बसलो होतो, जुन्या फोटोवाल्यासारखा. काकूंनी त्याच फडक्याखाली चहा सरकवला.

हिरव्याबद्दल उद्या. तो मोठा आहे.

संध्या र. | मंगळ, सकाळी ८:०५

आणि पिवळा? फोटोत एका पानावर अतिनील दिव्याखाली पिवळा झगझगताना दिसतोय. ती गोमूत्राची पेवडी तर नाही? आंब्याचा पाला खाणाऱ्या गाईंची? ती अशीच चमकते असं वाचलंय.

चिमूटभर गेरू | मंगळ, सकाळी ८:२०

चमकते खरी. मलाही क्षणभर घाम फुटला. मुंगेरजवळच्या गवळ्यांचं ते वर्णन १८८३ चं, कलकत्त्याच्या टी. एन. मुखर्जींचं. पुष्कळ वर्षं लोक त्याला थाप म्हणत, अलीकडच्या रासायनिक तपासणीने मुखर्जींची बाजू पुन्हा वर आली. पण तुमच्या फोटोतला डाग चित्राच्या रेषेबाहेर, अंगठ्याएवढा आहे. ती हळद, पूजेची. हळदही अतिनीलखाली मस्त हिरवट पिवळी चमकते. रेषेच्या आतला पिवळा अजिबात चमकत नाही, आणि त्याच्यात आर्सेनिक आहे. हरताळ.

मोडीवाचक | मंगळ, दुपारी १:४७

शेवटच्या पानावरचा पिवळा डाग म्हणजेही हरताळच असणार. लेखनिक चुकलं की त्यावर हरताळाचा लेप देऊन वर नवं लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. म्हणजे शक लिहितानाच कुणीतरी चुकलंय.

चिमूटभर गेरू | मंगळ, रात्री ९:५८

मोडीवाचक, तुम्ही माझा उद्याचा धागा आजच फोडलात.

आधी हिरवा. झाडांच्या पानांत एक्सआरएफने दोन हजेऱ्या दिल्या: तांबं आणि आर्सेनिक. हा जोडा पाहिला की पाश्चात्त्य संग्रहालयातला माणूस लगेच ‘एमराल्ड ग्रीन’ म्हणेल. तांबं आणि आर्सेनिकचा कारखान्यातला हिरवा, १८१४ पासून जर्मनीत विकायला आलेला. पण आपल्या पोथीत तेवढ्यावर थांबता येत नाही. आधी हरताळ, वर जंगाल (तांब्याचा हिरवा), तरी हजेरी तीच. हरताळ आणि नीळ मिसळूनही आपल्याकडे हिरवा करत. फक्त हजेरीवर तारीख ठरवली असती तर लोकांनी मला हरताळ फासला असता.

म्हणून एक बिनतेलाचं पान शोधलं, रावणाच्या बागेचं, आणि रामन घेऊन दीड तास बसलो. हरताळाची ३५४ ची उंच रेघ कुठेच नाही. दिसल्या त्या एमराल्ड ग्रीनच्याच रेघा, तीन वेगवेगळ्या पानांवर.

खवचट खारीक | मंगळ, रात्री १०:११

म्हणजे नाना फडणवीस १८०० ला गेले, आणि हिरवा १८१४ चा. काकांना कोण सांगणार?

मोडीवाचक | मंगळ, रात्री १०:२५

घाई नको. चित्रं जुनी आणि हिरवा नंतर कुणी भरलेला असू शकतो. घरोघरी पोथ्या ‘उजळवत’ असत.

चिमूटभर गेरू | बुध, सकाळी ७:३०

बरोबर शंका. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कडा पाहिल्या. पानाची काळी बाह्यरेषा हिरव्याच्या वरून गेलीये, आणि तीच रेषा पुढे सलग रामाच्या निळ्यावरून. म्हणजे हिरवा, निळा आणि शेवटची रेघ, सगळं एका बैठकीतलं. चित्रं १८१४ नंतरचीच. रंग बोटीने येऊन वाईच्या बाजारात पोचायला आणखी काही वर्षं धरा.

यंत्रांचा हा उपयोग असा उलटा असतो. रंग वस्तू किती जुनी हे सांगत नाही. ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगतो. विनलँड नकाशाचं तेच झालं. अमेरिकेचा किनारा दाखवणारा, पंधराव्या शतकातला म्हणून गाजला, आणि शाईच्या रेघांत टायटॅनियमचा विसाव्या शतकातला पांढरा रंग निघाला. येल विद्यापीठाने २०२१ मध्ये तो बनावट असल्याचं जाहीर केलं.

आणि @कृष्णाकाठ, महत्त्वाचं. हिरव्यात आर्सेनिक, पिवळ्यात आर्सेनिक. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं आजपासून बंद. पोथी हाताळली की साबणाने हात धुवा.

कृष्णाकाठ | बुध, सकाळी १०:१५

काकांचे वडील ८७ वर्षं जगले, थुंकी लावूनच. पण बंद केलंय. तो शकाचा फोटो टाका ना.

चिमूटभर गेरू | बुध, रात्री ११:०४

टाकला. इन्फ्रारेडसाठी आतला फिल्टर काढलेला जुना कॅमेरा वापरलाय. इन्फ्रारेडमध्ये हरताळ जवळजवळ पारदर्शक होतो, आणि काजळाची शाई काळीच राहते. पिवळा डाग नाहीसा झाला आणि त्याखाली स्पष्ट उमटलं: शके १७१०.

बंडोपंत | बुध, रात्री ११:०९

१७१० अधिक ७८, म्हणजे १७८८! नाना हयात! काकांचा विजय असो!

मोडीवाचक | बुध, रात्री ११:२८

पंत, बसा खाली. १७१० हा खोडलेला आकडा आहे. लेखनिकाने समोरच्या जुन्या पोथीवरून उतरवता उतरवता तिच्यातला शकही उतरवून टाकला. हे सर्रास व्हायचं. मग लक्षात आलं, हरताळ दिला, वर खरा शक लिहिला. तो खराच झडलाय.

चिमूटभर गेरू | गुरु, सकाळी ८:१२

तिरप्या प्रकाशात हरताळावर लेखणीचे ओरखडे शोधले. पहिल्या जागी वरून वळलेली एक कमान आहे, ५ असेल किंवा ६. शपथेवर सांगणार नाही. दुसऱ्या जागी काही नाही. ‘१७’ वाचता येतंय, हिरवा शके १७३६ च्या आधीचा नाही, म्हणजे १७३६ ते १७९९ च्या मध्ये कुठेतरी. इसवी सन हवा तर १८१४ ते १८७८.

डेन हागकर | गुरु, दुपारी ३:४०

पण समोर जी मूळ पोथी होती ती तर शके १७१० ची असणार? ती कुठे आहे?

कृष्णाकाठ | गुरु, रात्री ९:२६

हेच काकांनी विचारलं. आमच्या आजेसासूबाईंच्या माहेरी मेणवलीला एक होती म्हणतात. काकांनी कालच फोन लावलाय. आणि आज दुपारी घरी आलेल्या पाहुण्यांना पोथी दाखवताना ऐकलं, “ही नानांच्या काळच्या पोथीवरून उतरवलेली.” एका शब्दाचा फरक, आणि तो त्यांनी स्वतः केला.